दंड भरून गुन्हा मिटत नाही

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



मी सांगलीत मोटार अपघात दाव्यांची वकिली करते. अपघातात गेलेल्या माणसाच्या बायकोची आणि मुलांची बाजू मांडते, तशी कधी गाडीमालकाचीही मांडते. दोन्हीकडची माणसे माझ्यापर्यंत पोहोचतात तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. उरते ती भरपाई, जप्ती आणि तारखा. त्याच्या कितीतरी आधी, साधे चलन पडले तेव्हा, कायद्याने या माणसांना काय सांगायला हवे होते आणि काय सांगितलेच गेले नाही, हे आपल्या कानावर घालण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सगळ्यांना वाचता यावे म्हणून ते खुले ठेवले आहे.

चलन आता मोबाइलवर येते. गाडीचा नंबर, रक्कम आणि पैसे भरायची लिंक. लोक त्याकडे विजेच्या बिलासारखे बघतात. जमले तर भरू, नाहीतर थकू दे, पुढेमागे लोकअदालतीत काहीतरी कमी होईल. यात मी लोकांना दोष देत नाही, कारण सरकारही चलनाबद्दल वसुलीच्याच भाषेत बोलते. थकबाकी किती, वसूल किती, मोहीम कधी. कायद्यात मात्र चलन ही थकबाकी नाही. तो एका गुन्ह्याचा आरोप आहे. आरोप मान्य असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली ठरलेली रक्कम भरून तडजोड करता येते. मान्य नसेल तर न्यायालयापुढे उभे राहून नाकारता येतो. पहिली वाट एका बोटाच्या अंतरावर आहे. दुसरी वाट आहे, हेच बहुतेकांना ठाऊक नाही.

आणि पहिली वाटही लोकांना वाटते तिथे संपत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० ला एक महत्त्वाची जोड दिली. पैसे भरून तडजोड झाली, तरी पुढच्या वेळी तोच गुन्हा घडल्यास आधीचा गुन्हा मोजला जातो, म्हणजे दुसऱ्या वेळची वाढीव शिक्षा लागू होते. शिवाय तडजोड झाली म्हणून लायसन्सवरची कारवाई टळत नाही. कलम २०६ च्या चौथ्या पोटकलमात स्पष्ट लिहिले आहे की वेगमर्यादा तोडणे, धोकादायक गाडी चालवणे, दारू पिऊन चालवणे, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा गुन्ह्यांत पोलिसाने लायसन्स ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवायचे. कलम १९ प्रमाणे प्राधिकाऱ्याने त्या माणसाचे म्हणणे ऐकायचे आणि दोषी आढळल्यास पहिल्या वेळी तीन महिने लायसन्स निलंबित करायचे, दुसऱ्या वेळी रद्दच करायचे. निलंबित झालेल्याने उजळणी प्रशिक्षणही घ्यायचे.

हे सगळे कायद्यात लिहिलेले आहे. आता हेल्मेटचे बघा. कलम १९४-ड मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता, अशी जोडशिक्षा आहे. आपल्या राज्याने तडजोडीची रक्कम पाचशे ठेवली. २०२२ च्या जूनपासून मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती झाली, तेव्हा पोलिसांनी पाचशे रुपयांबरोबर तीन महिन्यांच्या निलंबनाचाही इशारा दिला होता. पाचशे रुपयांचे चलन भरलेले असंख्य लोक मला भेटले. हेल्मेट नव्हते म्हणून तीन महिने लायसन्स गेलेला मात्र क्वचितच भेटला. त्याच २०२२ साली देशात हेल्मेट न घालता मेलेल्या दुचाकीस्वारांची संख्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात ५०,०२९ अशी नोंदली आहे. देशभरातले एकूण मृत्यू होते १,६८,४९१. त्यातले पंधरा हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातले.

सुधारित कायदा देशात १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाला. महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच स्वीकारला नाही. तो २०२१ च्या डिसेंबरात आला. मधल्या दोन वर्षांत इथे जी चर्चा झाली ती रकमेची. दंड जास्त आहे, सामान्य माणसाला झेपणार नाही. ती हरकत खोटी नव्हती. पण तडजोडीची रक्कम ठरवणे एवढेच राज्याच्या हातात होते. लायसन्सची कलमे केंद्राच्या कायद्यात तशीच उभी होती, राज्याच्या अधिसूचनेसाठी ती अडलेली नव्हती. पाचशे रुपये टेम्पोचालकाला जड जातात आणि मोठ्या गाडीच्या मालकाच्या खिसगणतीतही नसतात. तीन महिने गाडी चालवायची नाही, ही शिक्षा मात्र दोघांना सारखी लागते. गरीब-श्रीमंत भेद न करणारी ही शिक्षा या कायद्यात होती आणि तीच आपण वापराबाहेर ठेवली.

यामागचे एक कारण आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. चलन करणारे पोलीस गृह खात्याचे. लायसन्स निलंबित करणारे आरटीओ आपल्या खात्याचे. शिक्षा देणारे न्यायालय तिसरीकडे. चलन पोलिसांच्या यंत्रावर जन्मते आणि पैसे जमा झाले की तिथेच संपते. ते आरटीओच्या टेबलावर सुनावणीसाठी कोणी न्यावे, किती दिवसांत न्यावे, नेले नाही तर जाब कोणाला विचारावा, याची चोख व्यवस्था झाली तर निम्मे काम होईल.

आता दुसऱ्या टोकाला जाते. काही गुन्ह्यांत तडजोड नाहीच. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडले की कलम १८५ लागते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. हे न्यायालयातच जाते. सिग्नल तोडणे, राँग साइडने येणे यांचाही २०१९ पासून कलम १८४ च्या धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत समावेश आहे. त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते, आणि हातातल्या मोबाइलचा अपवाद वगळता ते कलम पैसे भरून मिटवता येत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी राँग साइडवाल्यांवर थेट एफआयआर नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा भारतीय दंड संहितेचे कलम २७९ लावले जात होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ ने घेतली.

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तरुण मुलांची. दुचाकीवर जेवणाची पार्सले पोहोचवणारा मुलगा वेळ वाचवायला दुभाजकाच्या चुकीच्या बाजूने येतो आणि त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. तारखेला गेले तर दिवसाची मजुरी बुडते. कोणीतरी सांगते, ‘गुन्हा कबूल म्हण, हजार रुपये भर आणि मोकळा हो.’ तो कबूल म्हणतो. दंड भरतो. आपल्याला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवले गेले आहे, हे त्याला उमगलेलेच नसते. ते कळते पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत, किंवा सरकारी नोकरीच्या अर्जावर ‘आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय’ हा रकाना समोर येतो तेव्हा. तिथे ‘नाही’ लिहिले तर माहिती लपवल्याचा ठपका येतो, ‘होय’ लिहिले तर पोलीस भरतीचे स्वप्न अडचणीत येते. चूक त्याचीच आहे, राँग साइडने समोरून येणाऱ्याच्या जिवाला धोका होता, हे मी नाकारत नाही. पण कबुली देण्याआधी तिचा अर्थ त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे राज्याचे कर्तव्य आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळू शकतो, हेही त्या कोर्टाच्या आवारात कोणी त्याला सांगत नाही.

आणि विम्याचे तर काय सांगावे! थर्ड पार्टी विमा नसेल तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी दोन हजार, पुढच्या वेळी चार हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चलनावर दोन हजार दिसतात, माणूस म्हणतो विम्यापेक्षा दंड परवडला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा विकतानाच सक्तीचा झाला. चांगला निर्णय होता. पण पाच वर्षे नूतनीकरणाचा विचारच करावा लागला नाही, की सहाव्या वर्षी तो डोक्यातून जातो. अशा दुचाकीने एखाद्या कर्त्या माणसाला उडवले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचे वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसे बघून भरपाई ठरवते. ती लाखांत जाते, सुशिक्षित नोकरदार असेल तर कोटीच्या घरातही. विमा नसेल तर ती रक्कम गाडीमालकाच्या अंगावर येते. मग दरखास्त दाखल होते, शेतजमिनीच्या उताऱ्यावर बोजा चढतो, घरावर जप्ती येते. आणि मालकाकडे काहीच नसेल तर मेलेल्याच्या घरी काहीच पोहोचत नाही. अशा हुकूमनाम्याचा कागद हातात घेऊन वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

विमा असला तरी सुटका होतेच असे नाही. चालकाकडे लायसन्स नव्हते, तर विमा कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हा मार्ग पक्का केला. म्हणजे पुतण्याला ‘जरा दूध घेऊन ये’ म्हणून किल्ली देणारा काका विमा असूनही बुडतो. त्याला कलम १८० खाली पाच हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते ते वेगळेच. लायसन्स नसल्याचे चलन या काकाला पूर्वी कधी पडले असेल, तर त्याच क्षणी हे सगळे त्याच्या कानावर पडायला हवे होते.

जुनी गाडी विकणाऱ्यांची व्यथाही याच जातीची. गाडी दिली, पैसे घेतले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून एजंटाच्या हाती ठेवले. वर्षभराने कुठल्या दुसऱ्याच शहरातली चलने आपल्या मोबाइलवर येऊ लागतात. माणूस चिडतो, पण चलन ही त्यातली सौम्य बाजू आहे. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी त्यानंतर किती हातांतून फिरली याला महत्त्व नाही. गाडी नव्या हातात गेल्यावरही तिचे चलन मूळ मालकाच्या नंबरावर पडते, ही खरे तर धोक्याची पहिली सूचना आहे. त्या संदेशात ‘गाडी विकली असल्यास हस्तांतरण झाले आहे का ते आजच तपासा’ एवढे एक वाक्य घातले तरी किती घरे वाचतील!

अल्पवयीन मुलांबद्दल लिहिताना हात जड होतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. बाल न्याय मंडळाने त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन दिला, तेव्हा महाराष्ट्र संतापला, आणि संतापायलाच हवे होते. पण त्यानंतरही कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर सकाळी उभे राहा. सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली स्कूटरवर येतात, आणि पोलिसांसमोरून येतात. कलम १९९-अ म्हणते की अशा मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. गाडी आपल्या नकळत नेली किंवा रोखण्याचा सर्व प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर आहे. हे कडक कलम आहे. ते फक्त माणसे मेल्यावर बाहेर काढायचे असेल तर त्याचा उपयोग काय? शाळेत दाखला देताना, अकरावीचा प्रवेश घेताना पालकाला ते कागदावर वाचायला द्या. त्यावर त्याची सही घ्या.

मृत्यू झालाच तर पुढे काय होते, हेही लोकांना फार उशिरा कळते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत होती, नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत आहे. अपघात करून कोणाला न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे पोटकलम ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर लागू न करता बाजूला ठेवले गेले. शिक्षा पक्की व्हायलाही वर्षे जातात. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली आणि सात जण मेले. सत्र न्यायालयाने आरोपीला सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती कायम केली.

कडकपणा मागते म्हणून मी आरोपीच्या हक्कांकडे दुर्लक्ष करा असे म्हणत नाही. उलट, कारवाई खरी हवी असेल तर ती नियमाने टिकली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्याला प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नवे व्हावे. कॅमेरा आहे असा फलक रस्त्यावर हवा. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत सूचना पाठवावी. पुराव्यावर वेळ, तारीख आणि जागा असावी. एखाद्याला आठ महिन्यांनी चलन कळते, फोटोत नंबरप्लेट धूसर असते, तेव्हा त्याचा विश्वास फक्त त्या चलनावरून नाही, अख्ख्या कायद्यावरून उडतो. त्यातून तो पुढचे खरे चलनही खोटे समजतो.

मुदतीचा प्रश्न याहून गंभीर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाला सहा महिन्यांनंतर घेता येत नाही. एक वर्षापर्यंत कैद असेल तर मुदत एक वर्षाची. विलंबाचे समाधानकारक कारण दिले तर न्यायालय तो माफ करू शकते, पण कारण द्यावे लागते. हेल्मेटचे तीन-चार वर्षे जुने चलन मुदतीत न्यायालयात गेलेच नसेल, तर त्यावर खटला कसा उभा राहणार? तरीही त्याची थकबाकी म्हणून मोजदाद चालू राहते आणि गाडीची आरटीओतली कामे त्यापायी अडतात. मग लोकअदालतीची नोटीस येते. दाखलपूर्व प्रकरण, अमुक तारखेला हजर राहा. साधा माणूस तिला समन्स समजून घाबरतो. लोकअदालत तडजोडीसाठी आहे, तिथे पटले नाही तर नाही म्हणता येते, आणि एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही, हे त्या नोटिशीवर ठळक अक्षरांत हवे.

सवलतीचा मोह मात्र आपण टाळावा, अशी हात जोडून विनंती आहे. २०२२ मध्ये तेलंगणाने दुचाकीस्वारांना चलनाच्या पंचवीस टक्केच रक्कम भरायला सांगितली. २०२३ च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने निम्मी माफ केली. रांगा लागल्या, तिजोरी भरली. ज्याने वेळेवर पूर्ण दंड भरला त्याला काय वाटले असेल? आणि ज्याने सिग्नल तोडून थकवले, तो काय शिकला असेल?

महाराष्ट्राला दूर जाऊन काही शोधायचे नाही. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला २०२० साली वाहतूक चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. घरबसल्या आरोप बघता यावा, कबूल असेल तर दंड भरावा, नसेल तर लढायचे आहे असे नोंदवावे, हा त्याचा गाभा. याचा विस्तार करून प्रत्येक चलन मुदतीच्या आत एकतर मान्य व्हावे, नाहीतर न्यायाधीशासमोर जावे. मुदत उलटलेल्या किरकोळ चलनांची यादी गृह खात्याबरोबर बसून एकदाच निकालात काढा, आणि ती मेहेरबानी म्हणून नव्हे, कायदाच तसे सांगतो म्हणून. मोबाइलवरच्या संदेशात रकमेबरोबर कलम, हरकत घेण्याची मुदत आणि लायसन्सवर काय परिणाम होऊ शकतो, हे मराठीत द्या. आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक आरटीओने किती प्रकरणांत सुनावणी घेतली, किती लायसन्स निलंबित केली, किती रद्द केली, हे आकडे वसुलीच्या आकड्यांशेजारी प्रसिद्ध करा. पहिली यादी येत्या तिमाहीची असावी. ती तालुकावार असेल तर माझ्या जिल्ह्यापुरती मी स्वतः वाचून, न्यायाधिकरणात आलेल्या दाव्यांशी ताडून, आपल्याला पुन्हा लिहीन.

आपली,
मोटार अपघात दाव्यांची एक वकील,
सांगली